मनूचा डबा आणि पिटुकलीचं बीळ : एक प्रकरण अभ्यास

मनू तिसरीत होती, वय आठ. तिचं आणि तिच्याच बाकावर बसणाऱ्या सईचं, दोघींचीही नावं इथे बदलली आहेत. शाळा ऐरोलीतली, मराठी माध्यमाची, सकाळच्या सत्राची. मी तिथे ग्रंथालय सांभाळते आणि पहिली ते चौथीच्या वर्गांचा आठवड्याचा गोष्टीचा तास घेते. शाळेला पूर्णवेळ समुपदेशक नाही, त्यामुळे अशी प्रकरणं वर्गशिक्षिका आणि मी मिळून पाहतो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की, वरवर पाहता त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. मुलगी अभ्यासात चांगली, कुणाशी भांडण नाही, सगळ्यांची लाडकी. अशा मुलांची फाईल कधी उघडलीच जात नाही.

जुलैत मनूची आई शाळेत आली. आदल्या दिवशी शाळा सुटताना धो धो पाऊस होता आणि मनू नखशिखांत भिजून घरी आली होती. रेनकोट सईच्या अंगावर. रात्री मनूला ताप भरला. "रेनकोट दिला याचं मला काही वाटलं नाही, बाई," आई म्हणाली. "पण तू का दिलास विचारलं तर म्हणते, तिने मागितला. बस, एवढंच. मागितला की द्यायचाच, असं तिला वाटतं."

मग एकेक गोष्ट निघत गेली. आठवड्याला नवी पेन्सिल लागते. खोडरबर टिकत नाही. शाळेतून आली की आधी स्वयंपाकघरात शिरते, कारण डबा तिने खाल्लेलाच नसतो. रविवारी संध्याकाळी पोटात दुखतं, सोमवारी सकाळी जास्त दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, पोटात काही नाही. आईला आधी वाटलं होतं, पोरगी वेंधळी आहे, वस्तू हरवते. वस्तू हरवत नव्हत्या.

वर्गशिक्षिकेने पुढचे काही दिवस छोट्या सुट्टीत नुसतं लक्ष ठेवलं. मनू आणि सई एकाच बाकावर. डबा उघडला की सई झाकण आपल्याकडे ओढायची. पोळीभाजीतली भाजी सईची, पोळीतली बरीचशी सईची, उरलेला तुकडा मनूचा. भांडण नाही, ओरडा नाही. मनू हसत असायची. एकदा तिने डबा थोडा आपल्याकडे सरकवला, तेव्हा सई अगदी हळू म्हणाली, "मग कट्टी." मनूने डबा परत सरकवला.

घरात काय ऐकू येत होतं

मनूचे वडील रबाळे एमआयडीसीत पाळीवर काम करतात, आई ठाण्यात औषधांच्या दुकानात. त्यामुळे दुपारपासून मनू आजीजवळ. आजी साताऱ्याकडच्या. मूल मायेने वाढवलंय हे घरात पाऊल टाकताच कळतं. पण त्या घरात मनूचं कौतुक एकाच गोष्टीसाठी व्हायचं. "आमची पोर म्हणजे गरीब गाय." "हातातला घास काढून देईल." पाहुणे आले की मनूने आपली खेळणी त्यांच्या मुलांना दिल्याचे किस्से तिच्यासमोर सांगितले जायचे. गावचे एक काका आले की "काकांना पापी दे" असा आग्रह व्हायचा. मनू आईच्या मागे लपायची, मग सगळे हसायचे, मग ती पुढे जायची.

गोष्टीही तशाच. आजींच्या आवडत्या दोन : कवचकुंडलं काढून देणारा कर्ण, आणि ससाण्यापासून कबुतराला वाचवण्यासाठी स्वतःच्या मांडीचं मांस तराजूत घालणारा शिबी राजा. या मोठ्या गोष्टी आहेत, त्या मुलांनी ऐकल्याच पाहिजेत. पण त्या ऐकताना आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय शिरतं, हेही पाहायला हवं. शिबीच्या गोष्टीत ससाणा हा इंद्र आणि कबुतर हे अग्नी असतो. परीक्षा संपते आणि राजाचं अंग पूर्ववत होतं. मनूने गोष्टीतला हा शेवट लक्षात ठेवला नव्हता. मी विचारल्यावर तिने गोष्ट छान सांगितली आणि मांस कापल्यापाशी थांबवली. "मग?" म्हटलं. "मग तो चांगला राजा झाला," ती म्हणाली.

वर्गशिक्षिकेचं आणि माझं इथे एकमत झालं : मनूचा स्वभाव बदलायचा नाही. तिला दुसऱ्याचं दुःख खरंच लवकर कळतं. सई जूनमध्ये दुसऱ्या गावाहून आली, वर्गात कुणी तिला शेजारी बसू देईना, तेव्हा मनूनेच दप्तर उचलून जागा केली होती. तो गुण जपायचा होता. तिच्याकडे नव्हती ती एकच गोष्ट : माया कायम ठेवून "एवढंच" म्हणण्याची रीत. आणि ती रीत दाखवणारी गोष्ट तिच्या कानावर कधी पडलीच नव्हती.

बाक बदलायचा उपाय सोपा होता. आम्ही तो केला नाही. बाक बदलला असता तर सई पुन्हा एकटी पडली असती आणि मनूला पुढच्या बाकावर दुसरी सई भेटली असती.

चिऊने दार का उघडलं नाही

सुरुवात मुलांना माहीत असलेल्या गोष्टीपासून केली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो दार ठोठावतो. चिऊ आतून म्हणते, थांब, बाळाला आंघोळ घालते. थांब, पावडर लावते. थांब, टीट लावते. मराठी घरातलं प्रत्येक मूल या गोष्टीवर वाढलेलं असतं आणि प्रत्येक घरात शेवट वेगळा. वर्गातही तसंच झालं. कुणाच्या घरी काऊ चुलीवर बसतो आणि भाजतो, कुणाकडे तो पिल्लं खातो, कुणाकडे चिऊ त्याला आत घेते आणि खीर देते.

मी एकच प्रश्न ठेवला : चिऊला काऊला आत घ्यायचं होतं की नव्हतं?

वर्ग दोन तट पडून भांडला. एक मुलगा म्हणाला, चिऊ खोटारडी आहे. मनू क्वचित बोलते, पण इथे बोलली : "खोटं नाही बोलली. बाळाची आंघोळ होतीच." मग दुसरी मुलगी म्हणाली, "पण आंघोळ झाल्यावर काय?"

ती मुलगी नेमकं बोलली. शेवट कुठलाही असो, काऊ दाराशी उभा असताना चिऊ एकदाही "आत ये" म्हणत नाही आणि "येऊ नकोस" असंही म्हणत नाही. ती सबबी देते. सबब संपली की पुढची सबब लागते, आणि दाराबाहेरचा भिजत उभाच राहतो, कारण त्यालाही कळत नाही की थांबायचं की दुसरीकडे निवारा शोधायचा. मनूही हेच करत होती, हे आम्हाला नंतर कळलं. तिने सईला एकदा सांगून पाहिलं होतं, "आईने डबा द्यायला नाही सांगितलंय." सईने तोड काढली : "मग आईला सांगू नकोस." सबबीला नेहमी तोड निघते. मनूकडे त्यापुढचं वाक्य नव्हतं, आणि त्यात एक नवं ओझं वाढलं, आईपासून लपवायचं.

चिऊ-काऊची गोष्ट मी टाकाऊ मानत नाही. पावसात दार वाजतंय आणि आत काय करावं ते कळत नाहीये, हा पेच तिच्याइतका सुंदर कुणी मांडलेला नाही. पण त्या पेचातून बाहेर पडायची वाट त्या गोष्टीत नाही. बहुतेक घरी एक तर काऊ भाजतो, नाही तर चिऊचं नुकसान होतं. मदत करणारी आणि दार राखणारी एकच व्यक्ती असू शकते, असं दिसणारी गोष्ट हवी होती.

पिटुकलीची गोष्ट

ती खाडीत सापडली. आमच्या शाळेत दिवा कोळीवाड्यातली काही मुलं आहेत. त्यांच्यातल्या एकाला चिखलातले खेकडे घरच्या अंगणासारखे माहीत. नराचा एक डेंगा, म्हणजे नांगी, केवढा मोठा असतो, तो त्याने हलवून दाखवला. या छोट्या खेकड्यांचं वागणं मोठं वेधक असतं. नराची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य, दुसरी बारीक. खातो तो बारीक नांगीनेच. मोठी नांगी हलवून मादीला बोलावायचं आणि घुसखोराला धमकवायचं. मादीच्या दोन्ही नांग्या लहान. ओहोटीला चिखलावर येऊन खायचं, भरती आली की आपल्या बिळात जायचं, जाताना बिळाचं तोंड चिखलाने बंद करायचं. बीळ गेलं तर भरतीतही आसरा नाही आणि बगळ्यापासूनही नाही. म्हणून ते बीळ राखतात, नरही आणि माद्याही.

शिवाय एक निरीक्षण असं आहे, ज्याने मला ही गोष्ट लिहायला बसवलं. पॅट्रिशिया बॅकवेल आणि मायकेल जेनियन्स या संशोधकांनी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अशा एका जातीचा अभ्यास करून 2004 मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं की, शेजाऱ्याच्या बिळावर कुणी चालून आलं तर थोराड नर कधी कधी स्वतःचं बीळ सोडून शेजाऱ्याच्या मदतीला जातो. ओळखीचा शेजारी टिकला तर नव्या, कदाचित दांडग्या शेजाऱ्याशी हद्द पुन्हा भांडून ठरवावी लागत नाही. हे निरीक्षण आपल्या खाडीतलं नाही, ऑस्ट्रेलियातलं आहे, हे मी मुलांना सांगून ठेवलं. मला त्यातलं हे फार भावलं की, ज्याला स्वतःची हद्द माहीत आहे तोच शेजाऱ्याच्या हद्दीसाठी उभा राहतो.

गोष्ट अशी झाली.

तिवराच्या मुळांमध्ये पिटुकली नावाच्या खेकडीचं बीळ होतं. चिखलाची एकेक गोळी बाहेर आणून तिने ते स्वतः खणलेलं. एका दुपारी निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारत फिरणारी छोटी मासळी, उड्या मारत आली, "बगळा मागे लागलाय!" पिटुकली काही विचारत बसली नाही, बाजूला सरकली. निवटी आत गेली. बगळा दोनदा चोच आपटून निघून गेला. दुसऱ्या दिवशी निवटी आली, तेव्हा बगळा नव्हता. "तुझ्याकडे गार वाटतं," म्हणाली. मग रोज यायला लागली, शेपूट पसरून झोपायला लागली, आणि पिटुकली आपल्याच दारात अर्धी आत, अर्धी बाहेर. एका संध्याकाळी भरतीचं पाणी चढू लागलं. पिटुकलीला दाराला चिखलाचं बूच लावायचं होतं, पण दारात निवटी बसलेली. "थांब गं, आत्ता उठते." पाणी आत शिरलं. बिळाची एक भिंत ढासळली. पिटुकली रात्रभर भिंत थापत राहिली.

इथे मी थांबले आणि मुलांना विचारलं, आता काय करावं. "हाकलून दे." "बगळ्याला बोलव." "मोठ्या खेकड्याला सांग, डेंगा मारेल." एका मुलीला पडलेला प्रश्न खरा : "बाई, मुलींच्या खेकड्यांकडे मोठी नांगीच नाही, मग त्या कशा राखणार?" त्यावर कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, "दारात घट्ट बसायचं. हलायचंच नाही." हे मी जसंच्या तसं गोष्टीत घेतलं.

आणि सई, जिच्याकडे पाहून बोलायचं आम्ही कटाक्षाने टाळत होतो, तिने हात वर केला. "निवटीला बीळ खणायला कुणी शिकवलंय का?"

वर्गशिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. सईच्या घरी पुढच्या आठवड्यात जायचं हे तेव्हाच ठरलं. गोष्टीचा पुढचा भागही त्या प्रश्नाने बदलला. निवट्या स्वतः बीळ खणतात, हे खरंच आहे.

पुढच्या तासाला पिटुकली दारात घट्ट बसली. निवटी आली. पिटुकली म्हणाली, "बगळा आला तर केव्हाही ये. भरतीच्या आधी मात्र मी दार लावणार, आणि तेव्हा आत मी एकटी असणार."

"म्हणजे मी तुला आवडत नाही."

"आवडतेस. दार लावणारच."

निवटीने धक्का दिला. पिटुकली हलली नाही. शेजारच्या बिळातून मोठ्या नांगीचा खेकडा बाहेर आला आणि पिटुकलीच्या बाजूला येऊन उभा राहिला. निवटी निघून गेली. दोन भरत्या आल्या आणि गेल्या, ती आली नाही. पिटुकलीला चिखलाची चव लागेना. दार मात्र ती वेळेवर लावायची. तिसऱ्या ओहोटीला निवटी लांबवर खणताना दिसली, वेडंवाकडं, सारखं ढासळणारं. पिटुकली गेली आणि तिने एक गोळी उचलून बाहेर टाकली. दिवस मावळेपर्यंत दोघी खणत होत्या. मग पिटुकली आपल्या बिळात आली आणि तिने दार लावलं.

तात्पर्य विचारलं नाही. तात्पर्य विचारलं की मुलं बाईंना आवडणारं उत्तर शोधायला लागतात, आणि या प्रकरणात तर तीच सवय मोडायची होती. कागद आणि खडू दिले. मनूने बीळ काढलं, आत पिटुकली, दाराला करड्या रंगाचं जाड बूच. मग माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "त्या दोन भरत्या निवटी कुठे होती?"

"तुला काय वाटतं?"

ती बराच वेळ विचार करत उभी होती. "दुसऱ्या कुणाच्या तरी बिळात. पण बुडाली नाही ना?"

मनूची सगळी भीती या प्रश्नात होती. आपण नाही म्हटलं तर समोरच्याचं काही तरी वाईट होईल, आणि ते आपल्यामुळे होईल. डबा, पेन्सिल, रेनकोट या नुसत्या वस्तू होत्या. मी तिला सांगितलं की निवटीला चिखलात आणि पाण्यात दोन्हीकडे राहता येतं, ती बुडत नाही. ती लगेच जागेवर गेली आणि चित्राच्या कोपऱ्यात पाण्यात पोहणारी निवटी काढली.

कट्टी

गोष्टीनंतर काही आठवडे वर्गात "दारातलं वाक्य" हा खेळ चालला. जोड्या करायच्या. एकाने मागायचं, दुसऱ्याने काय देणार आणि काय नाही हे एका दमात सांगायचं. सबब द्यायची नाही, आईचं किंवा बाईंचं नाव पुढे करायचं नाही, माफीही मागायची नाही. मग उलट. मागणाऱ्यानेही सराव करायचा : नाही ऐकल्यावर "बरं" म्हणायचं. हा दुसरा अर्धा भाग मुलांना पहिल्यापेक्षा अवघड गेला, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. नकार द्यायला शिकवणाऱ्या गोष्टी अलीकडे बऱ्याच येतात, नकार घ्यायला शिकवणाऱ्या फार थोड्या.

मनूने स्वतःसाठी वाक्य ठरवलं : "अर्धी पोळी तुझी. बाकीचा डबा माझा." म्हणताना नजर जमिनीवर, आवाज खोल गेलेला. आम्ही तिला मान वर करायला लावली नाही. वाक्य पूर्ण होत होतं, ते पुरेसं होतं.

सप्टेंबरात तिने ते खरोखर म्हटलं. सईने तिथल्या तिथे कट्टी घेतली आणि मागच्या बाकावरच्या मुलींना सांगितलं की मनू हावरट आहे. मनूने डबा पूर्ण खाल्ला नाहीच, रडत बसली. पोटदुखी परत आली. आईचा फोन आला, मी शाळेत येऊ का, सईच्या आईशी बोलू का. आम्ही थांबायला सांगितलं. वर्गशिक्षिकेने फक्त एक गोष्ट केली, मोठ्या नांगीच्या खेकड्याची. छोट्या सुट्टीत ती दोघींच्या बाकाशेजारी आपला डबा घेऊन बसायला लागली, काही न बोलता.

याच काळात सईचं घर पाहून झालं होतं. तिची आई एकटी कमावणारी. पहाटे निघून ठाण्याला जाते आणि तिथून पुढे. सई स्वतः उठून, बिस्किटाचा पुडा दप्तरात टाकून शाळेत येते. शहर नवं, शेजार नवा. वर्गात पहिल्याच दिवशी जिने जागा दिली तिच्यावर ती सगळं टाकून मोकळी झाली होती, कारण दुसरं कुणी नव्हतंच. सईची आई आधी संकोचली, मग म्हणाली, रात्री चिवडा किंवा लाडू भरून ठेवता येईल, सकाळी तिला फक्त उचलायचं. तिसरीच्या वर्गाने आपण होऊन डब्याचा गोल सुरू केला, पाच-सहा जणांनी एकत्र बसून एकेक घास मध्ये ठेवायचा. सईचा लाडू दोन दिवसांत प्रसिद्ध झाला. कट्टी कधी सुटली ते कुणालाच नक्की आठवत नाही.

याच वेळी वर्गाशी आणखी एक बोलणं वेगळं आणि स्पष्ट केलं. डबा आणि पेन्सिल यांच्याबाबतीत थोडं देता येतं, थोडं राखता येतं. अंगाला नकोसा स्पर्श असेल, गुपित ठेवायला सांगितलं असेल, तर तिथे अर्धी पोळी नाही. तिथे वाक्य नीट म्हणत बसायचंही नाही. तिथून निघायचं आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. मुलांकडून 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ करून घेतला. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा मुलांच्या बाजूचा आहे, हे पालकसभेत सांगितलं. पेन्सिल नाकारता न येणारं मूल पुढे कशाला नाही म्हणू शकेल, हा प्रश्न वर्गशिक्षिकेने तिथेच पालकांपुढे ठेवला. मनूच्या घरी "काकांना पापी दे" बंद झालं. आता ती नमस्कार करते, आणि काकांची काही तक्रार नाही.

आजी

घरचा खरा अडथळा मनूची आजी असेल असं मला वाटलं होतं, आणि त्या रागावूनच आल्या. "बाई, तुम्ही पोरीला स्वार्थी करताय. काल आत्याच्या मुलाला म्हणाली, सायकल दोन फेऱ्यांसाठी देईन. दोन फेऱ्या मोजते ही!"

मी विचारलं, "आजी, दोन फेऱ्या झाल्यावर काय झालं?"

"झालं काय, त्याने दिली परत. मग दोघं मिळून खेळले."

आजी थोडं थांबल्या. मग त्यांच्या सासरचं बोलल्या. मोठं खटलं, वाढून झाल्यावर उरेल ते सुनांचं, आणि कुणी काही मागितलं की आधी हो. "आम्हाला कुणी विचारलंच नाही हो, की तुला पुरलं का." नातीने असं व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. नात सगळ्यांना हवीशी असावी, एवढंच वाटत होतं. आणि मग त्यांनीच जे सांगितलं ते मी त्यानंतर प्रत्येक पालकसभेत सांगते : "शेजारीण विरजण मागायला आली तर आपण कधी नाही म्हणत नाही. पण चमचाभरच देतो. सगळं दही देऊन टाकलं तर उद्या आपलंही लागत नाही आणि तिलाही परवा मागायला जागा राहत नाही."

आजींनी घरातलं कौतुक बदललं. हे माझ्या किंवा वर्गशिक्षिकेच्या सांगण्याने झालं नसतं. "आज कुणाला काय दिलंस?" याच्या जोडीला त्या "आज तू काय खाल्लंस?" असंही विचारायला लागल्या. शिबी राजाची गोष्ट अजून सांगतात, आता शेवटपर्यंत.

खाडीवर

जानेवारीत तिसरीचे वर्ग ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेले. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. हिवाळ्यात तिथे येणारा माणूस रोहित पाहायलाच येतो, आणि त्यासाठी बोटफेरी भरतीला असते. आम्ही मुद्दाम ओहोटीची वेळ धरली. बोट नाही म्हटल्यावर मुलं खट्टू झाली, ती चिखलावर पहिली नांगी हलताना दिसेपर्यंत. मग कुणाला बोट आठवली नाही.

इथे काही चमत्कार घडला नाही. मुलांनी खेकडे पाहिले, निवट्या पाहिल्या, एक बगळा पाहून "निवटी, पळ!" असा गलका केला आणि सगळे खेकडे एका क्षणात बिळात गेले. मनूला राग आला. "ओरडू नका, ते बाहेर येत होते!" असं ती पूर्ण वर्गाला उद्देशून, मान वर करून ओरडली. वर्गशिक्षिकेने हे त्या दिवशीच्या नोंदीत लिहून ठेवलं आहे.

वर्षअखेर

काय बदललं ते सांगताना हात राखून लिहिते. मनू डबा खाते. सोमवारची पोटदुखी गेली आहे, परीक्षेच्या आधी मात्र येते. पेन्सिली अजून वाटते, पण कुणाला दिली ते सांगते. लपवणं संपलं, आणि आईला सगळ्यात मोठा दिलासा त्याचाच आहे. मोठ्या माणसांपुढे तिचं वाक्य अजून निघत नाही. बसमध्ये एका बाईंनी सरक म्हटल्यावर ती उभीच राहिली, आई सांगत होती. सई अजून पटकन रुसते. एका गोष्टीने मूल बदलत नाही. या प्रकरणात गोष्टीबरोबर वर्गशिक्षिकेचा डबा होता, सईच्या आईचा चिवडा होता, आजींचं विरजण होतं. यातलं एक जरी नसतं तर पिटुकली नुसती तासापुरती उरली असती.

शाळेतल्या आमच्या सवयीबद्दल मात्र मला ठाम बोलायचं आहे. वर्गात एखादं मूल त्रास देतं, तेव्हा आपण त्याला सगळ्यात समजूतदार मुलाशेजारी बसवतो. वर्षानुवर्षं हीच पद्धत आहे. समजूतदार मूल तक्रार करत नाही, म्हणून ती चालते. वह्या वाटायला तेच, राहिलेलं लिहून द्यायला तेच, रडणाऱ्याला बाहेर न्यायला तेच. त्या मुलाला आपण विचारत नाही. मनूसारखी मुलं घरी घडतात तशी शाळेतही घडतात.

म्हणून निकालाच्या वेळी चौथीच्या वर्गशिक्षिकेला दिलेल्या नोंदीत आम्ही दोन ओळी लिहिल्या : मनूवर दुसऱ्या मुलाची जबाबदारी तिला विचारल्याशिवाय टाकू नये. मनू आणि सई यांना एकत्र बसवायचं की नाही, ते दोघींना वेगवेगळं विचारून ठरवावं.

विचारलं तेव्हा दोघीही एकत्र बसायचं म्हणाल्या. सईला खिडकी हवी होती. मनू म्हणाली, मलाही हवी आहे. एक आठवडा हिची, एक आठवडा तिची असं ठरलं, आणि बाई, हे कागदावर लिहून घ्या, असं मनूनेच सांगितलं.